खेळ उभा राहतो तेव्हा

सोलापूरच्या वेदशास्त्री घरातला तरुण राम जोशी तमासगिरांत बसून लावण्या रचू लागला, तेव्हा थोरल्या भावाने, मुद्गल जोशांनी, त्याला घराबाहेर काढले. ही अठराव्या शतकातली गोष्ट आजही सांगितली जाते. तिच्यावर 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या ‘अलबेला’मधला प्यारेलाल नट होण्याच्या वेडापायी नोकरीत लक्ष घालत नाही. बहिणीच्या लग्नाच्या पैशांवरून घरात कडाक्याचे भांडण होते आणि नाव कमावल्याशिवाय तोंड दाखवणार नाही असे म्हणून तो घर सोडतो. पुढे वीस वर्षांनी, 1971 साली, ‘सोंगाड्या’तला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि त्याची आई त्याला घराचे दार बंद करते.

तीन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या भाषांत, तीन वेगळ्या स्वभावांच्या माणसांनी केलेले हे चित्रपट. तिन्हींत खेळ उभा करण्याची गोष्ट आहे. तिन्हींत भरपूर गाणी आहेत. आणि तिन्हींत रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी नायकाला घराचा उंबरठा ओलांडावा लागतो, तोही शिव्याशाप घेऊन. हे योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. नाटक, तमाशा, ऑर्केस्ट्रा, मेळा अशा कुठल्याही खेळाची तयारी दाखवणारे आपले चित्रपट मी जसजसे पुन्हा बघत गेलो, तसतसे हे अधिक स्पष्ट होत गेले. आपल्याकडच्या या चित्रपटांचा खरा विषय पडदा उघडण्याच्या क्षणापेक्षा घरचे दार आहे. खेळ रंगणार की पडणार हा प्रश्न त्यांत असतोच, पण त्याच्या मागे दुसरा, जुना आणि जास्त टोचणारा प्रश्न उभा असतो. नाचणाऱ्या-गाणाऱ्या माणसाला घर आपले म्हणणार की नाही? या संग्रहातले लेख वेगवेगळ्या वाटांनी याच प्रश्नाकडे येतात, म्हणून सुरुवातीलाच तो मांडून ठेवतो.

ज्या वाचकाने ‘अलबेला’ पाहिलेला नाही त्याला आधी त्याविषयी सांगायला हवे, कारण हे पुस्तक त्याच्याभोवती फिरते. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच, भगवान आबाजी पालव. जन्म 1913 चा, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामाला. भगवानदादा मूकपटांच्या काळात पडद्यावर आले आणि पुढे दहा-बारा वर्षे कमी भांडवलात, भराभर स्टंटपट काढत राहिले. हाणामारी, घोडे, तलवारी असे ते चित्रपट कामगार वस्त्यांतल्या थिएटरांत चालत आणि वर्तमानपत्रांतले समीक्षक त्यांची दखलही घेत नसत. सामाजिक चित्रपट काढून बघ, असे राज कपूरने त्यांना सुचवले आणि त्यातून ‘अलबेला’ झाला, असे नेहमी सांगितले जाते. सुचवणारा कोणीही असो, गोष्ट मात्र भगवानदादांची स्वतःची होती. नाचाच्या वेडाने झपाटलेला साधा माणूस, ना धड उंच, ना देखणा, पोट थोडे सुटलेले, आणि तरीही आपण नायक आहोत याबद्दल ज्याच्या मनात तिळमात्र शंका नाही.

प्यारेलालची गाठ आशाशी पडते. ती रंगभूमीवरची नटी आहे, गीता बालीने साकारलेली. तिच्यामुळे तो नाटक कंपनीत शिरतो आणि बघता बघता कंपनीचा मुख्य नट होतो. चित्रपटातली गाजलेली नृत्यगीते याच रंगमंचावर होतात, तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर. पुढे कथा अश्रूंकडे वळते. त्याने घरी पाठवलेले पैसे घरी पोचतच नाहीत, आणि तो परततो तेव्हा घराची वाताहत झालेली असते. हा शेवटचा भाग त्या काळच्या साच्यातला आहे आणि आज बघताना लांबट वाटतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण तो काढून टाकला तर चित्रपटाचा तोल जाईल. रंगमंचावर जितका आनंद आहे तितकेच घराचे ओझे दुसऱ्या पारड्यात हवे. ते नसते तर ती गाणी नुसती गाणी राहिली असती.

या गाण्यांमागचा माणूस म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म 1918 चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाण्याची तालीम घेतलेला हा मुलगा आधी नट व्हायला निघाला होता. भगवानदादा आणि तो जुने सोबती. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला भगवानदादांनी मद्रासकडे जाऊन ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला तेव्हा त्याचे संगीतही रामचंद्रांचेच होते. ‘शहनाई’ने 1947 साली त्यांचे नाव झाले. पाश्चात्त्य ठेका, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि त्यावर अस्सल देशी चाल असा मेळ त्यांनी घातला. ‘अलबेला’त त्यांनी चितळकर या नावाने भगवानदादांसाठी आवाजही दिला, लता मंगेशकरांच्या जोडीने. एकाच चित्रपटात बाळाला निजवणारी मंद अंगाई आणि क्लबात शोभावे असे क्यूबन ठेक्याचे गाणे देणारा हा संगीतकार राजेंद्र कृष्ण यांच्या शब्दांना इतक्या सहज वळवतो की ते मुळी चालीवर लिहिले की चाल त्यांच्यावर बसवली हे कळत नाही.

या संगीताचा आणखी एक भागीदार पडद्यावर दिसतो, पण त्याला ओळखणारे थोडे. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, संगीताच्या दुनियेत चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड वाजवणारा ट्रम्पेटवादक आणि सी. रामचंद्रांचा सहायक. ‘अलबेला’त झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून तो आपल्या बँडसह प्रत्यक्ष हजर आहे. त्या काळच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी केलेले काम अफाट आहे. चाल संगीतकाराच्या गळ्यात असे आणि ती कागदावर स्वरलिपीत उतरवून, पंधरा-वीस वाद्यांत वाटून देण्याचे काम यांचे. श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा नसत. या पुस्तकातल्या एका लेखात त्यांच्याविषयी जे आले आहे ते मला फार मोलाचे वाटते. खेळ उभा करण्याविषयी बोलायचे आणि वादकांच्या कोपऱ्याकडे बघायचेच नाही, हे आपण फार वर्षे केले.

आता तो नाच. जरा सावकाश बघू, कारण त्याचे वर्णन बहुतेक वेळा ‘भगवानदादा स्टाइल’ एवढ्यावर संपते. कोपर अंगालगत दुमडलेले, पंजे सैल. खांद्यांना हलका झोका, मान त्याच तालात एका बाजूला. पाय जमिनीपासून फार उचलले जात नाहीत, एक पाऊल इकडे, एक तिकडे. उडी नाही, गिरकी नाही, लवचिकपणाचे प्रदर्शन नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षे स्टंटपटांत हाणामारी केली त्याला अंग वापरता येत नव्हते असे कोण म्हणेल? तरी तो इतके कमी करतो. शेजारी गीता बाली डोळे, कंबर, हात सगळ्यांनी खेळते आणि हा मात्र गालातल्या गालात हसत, जागच्या जागी डुलतो. त्यामुळे घडते असे की बघणाऱ्याला वाटते, हे तर मलाही जमेल. आणि खरेच जमते. चित्रपटाच्या इतिहासात अवघड नाच पुष्कळ झाले, लोकांनी त्यांना टाळ्या वाजवल्या आणि ते घरी गेले. हा नाच मात्र लोक घरी घेऊन गेले. वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो सत्तर वर्षे चालू आहे, आणि नाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ‘अलबेला’चे नावही ऐकलेले नाही.

खेळ उभा करण्याची गोष्ट सांगणारा हा चित्रपटप्रकार जगात इतरत्रही आहे. बोलपट येताच अमेरिकेत नाटकाच्या पडद्यामागची गोष्ट सांगणाऱ्या संगीतपटांची लाट आली. ‘द ब्रॉडवे मेलडी’ 1929 चा, तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा पहिला बोलपट. 1933 च्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ने साचा पक्का केला. पैसे संपत आलेत, दिग्दर्शक थकला आहे, ऐन प्रयोगाच्या तोंडावर मुख्य नटी जायबंदी होते आणि कोरसमधली नवखी मुलगी तिच्या जागी उभी राहते. महामंदीत नोकऱ्या गेलेल्या प्रेक्षकाला त्या मुलीला काम मिळणे हेच मोठे सुख होते. नंतर मिकी रूनी आणि ज्युडी गार्लंडच्या चित्रपटांत शेजारपाजारची मुले मिळून खेळ करू लागली, आणि 1952-53 च्या ‘सिंगिंग इन द रेन’ आणि ‘द बँड वॅगन’पर्यंत हा प्रकार स्वतःच्याच इतिहासाकडे प्रेमाने बघण्याइतका प्रौढ झाला. या चित्रपटांत संकट कुठून येते ते बघा. पैसा, वेळ, नटीचा हट्ट, दिग्दर्शकाचा आजार. घर क्वचितच आड येते. कोरसमधली मुलगी कोणत्या घरातून आली आणि तिच्या आईबापाला काय वाटते याची फारशी चौकशी कोणी करत नाही.

आपल्याकडे ती चौकशी आधी होते, आणि तिला कारण आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हापासून मराठी माणूस नाटकावर जीव टाकत आला. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि संगीत नाटकाची घोडदौड सुरू झाली. गंधर्व नाटक मंडळी, ललितकलादर्श, शालू-शेले, अत्तरे, रात्र सरेस्तोवर चालणारे ‘वन्समोअर’. पण नाटकाला जीव लावणारे हेच घर आपल्या मुलाने नाटक कंपनीत जावे म्हटले की कपाळाला हात लावी, आणि मुलीचे तर नावच नको. बायकांच्या भूमिका पुरुष करत ते त्यामुळेच. नट म्हणजे घरदार सोडलेला माणूस. बिऱ्हाड कंपनीत, जेवण कंपनीच्या पंगतीत, मुक्काम आज मिरजेला, उद्या बडोद्याला. बालगंधर्वांनी 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तान्ही लेक गेली असताना रंगमंचावर उभे राहून भामिनी साकारली, ही हकिकत मराठी घरांत अजून गहिवरून सांगतात. तिच्यातही घर आणि खेळ एकमेकांसमोर उभे आहेत.

तमाशाचा पीळ याहून वेगळा. तिथे जात आहे, आणि घराने बाहेर काढण्याचा प्रश्नच न उरलेली माणसे आहेत. गण, गवळण, बतावणी, वग असा रात्रभर चालणारा खेळ कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या कलावंतांनी जिवंत ठेवला. गावाने तो रात्री चवीने बघितला आणि सकाळी त्यांना गावाबाहेर ठेवले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली आणि पुढे अटी घालून परवानगी दिली. नेमक्या त्याच वर्षांत पडद्यावर तमाशा आला. ‘लोकशाहीर रामजोशी’त ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. चित्रपटाने लावणीला सुशिक्षितांच्या थिएटरात आणले. 1959 साली अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला आणि मग मराठी पडद्यावर फडांची रांगच लागली. त्यातले पुष्कळसे चित्रपट एकमेकांची नक्कल होते. ढोलकी, पाटील, सूड, पश्चात्ताप. या रांगेतल्या सगळ्यांची नोंद करण्याचा मोह संपादक म्हणून मी आवरला आहे.

तेव्हा नवख्या वाचकाने तीन धारा लक्षात ठेवाव्यात. एक नाटक कंपनीची, जी पडद्यावर बहुतेक वेळा भक्तिभावाने आणि उशिरा आली, ‘बालगंधर्व’ 2011 चा हे तिचे ठळक उदाहरण. दुसरी तमाशाची, जी सर्वांत सकस आणि सर्वांत रक्ताळलेली. तिसरी मुंबईची. गिरणगावातले गणपतीचे मेळे, कामगारांची हौशी नाटके, हॉटेलातले गोवेकर बँड, पारशी आणि उर्दू रंगभूमीचे अवशेष, लग्नाचे बँडबाजे या सगळ्यांतून तयार झालेली. या धारेला कोणी नाव दिलेले नाही आणि अभ्यासकांनी तिच्याकडे लक्षही दिले नाही, कारण ती हिंदी बोलते. ‘अलबेला’ तिचा शिरोमणी आहे. तो हिंदी चित्रपट म्हणून मोजला जातो आणि मराठी चित्रपटाच्या इतिहासांत त्याला जागा मिळत नाही. मला हे चुकीचे वाटते. गिरणी कामगाराच्या मुलाने काढलेला, पुणतांब्याच्या माणसाने सूर दिलेला, हळदोण्याच्या माणसाने वाजवलेला आणि दादर-परळच्या गल्ल्यांत आपला म्हणून नाचला गेलेला चित्रपट मराठी संस्कृतीच्या हद्दीबाहेर कसा ठेवता येईल?

दादा कोंडके या तिसऱ्या धारेत वाढून दुसरीत उतरले. नायगावच्या चाळीतला, गिरणी कामगारांच्या कुटुंबातला मुलगा, बँड वाजवणारा, सेवादलाच्या कलापथकात घडलेला. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने 1965 पासून त्यांना घरोघर पोचवले आणि सबनिसांच्याच लेखणीतून, गोविंद कुलकर्णींच्या दिग्दर्शनात ‘सोंगाड्या’ झाला. भगवानदादा आणि दादा कोंडके यांना शेजारी ठेवून बघा. दोघेही गिरणीच्या भोंग्याखाली वाढलेले. दोघांचाही नायक रूपाने सामान्य, डोक्याने सरळ आणि खेळासाठी वेडा. दोघांच्याही चित्रपटांत घर त्याला नाकारते आणि प्रेक्षक त्याला उचलून घेतो. ‘सोंगाड्या’ला तर दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळवण्यासाठीच झगडावे लागले आणि शिवसेनेला मध्ये पडावे लागले. रंगमंचावर उभे राहू द्या म्हणणाऱ्या माणसाच्या गोष्टीला पडद्यावर उभे राहण्यासाठीही भांडावे लागले.

विनोदाची ताकद इथे दिसते. हाच संघर्ष गंभीरपणे मांडला की नायक उद्ध्वस्त होतो. ‘पिंजरा’तला मास्तर आदर्श शिक्षकाच्या पुतळ्याखाली स्वतःलाच गाडून घेतो. ‘नटरंग’मधला पैलवान गुणा नाच्या झाल्यावर घरदार, मान, शरीर सगळे पणाला लावतो. विनोदी चित्रपट मात्र हट्टाने त्या माणसाला घरी परत आणतो. प्यारेलाल परततो, नाम्या परततो. काहींना ही पळवाट वाटते. मला ती मागणी वाटते. नाचणाऱ्याला घर असले पाहिजे, इतके साधे आणि इतके न मिळालेले मागणे हे चित्रपट हसत हसत मांडतात. म्हणून या संग्रहाचा कल विनोदाकडे आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे.

पण हे घरी परतणे पुरुषाचे आहे. ‘अलबेला’ प्यारेलालच्या घराची गोष्ट आहे, आशाच्या घराची नव्हे. ‘सोंगाड्या’त नाम्याला आई आहे. तमाशातल्या कलावतीला फड आहे. ज्या बाईचे आयुष्यच बोर्डावर गेले तिला कोण बाहेर काढणार आणि कोण आत घेणार? हंसा वाडकरांनी आपल्या आत्मचरित्राला आपल्याच गाजलेल्या चित्रपटाचे नाव दिले, ‘सांगत्ये ऐका’. ते वाचल्यावर पडद्यावरची हसरी, ठसकेबाज तमासगिरीण पुन्हा पूर्वीसारखी बघता येत नाही. श्याम बेनेगलांनी 1977 साली त्यावरून ‘भूमिका’ केला. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची हकिकत तर महाराष्ट्राला पाठ आहे. भर खेळात कळा आल्या, राहुटीत बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ‘खेळ थांबता कामा नये’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. कोणाच्या अंगावर ते पडते याची आठवण या पुस्तकात वारंवार येईल, आणि ती वाचकाला सुखाची होणार नाही.

भिवंडीत बसून हे पुस्तक का, असे अनेकांनी विचारले. पुण्यात चित्रपटांचे संग्रहालय आहे, कोल्हापूरला स्टुडिओंचा इतिहास आहे, मुंबईत सगळेच आहे. भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात आणि अलीकडे गोदामे. बरोबरच आहे. पण इथल्या धामणकर नाक्यावर राहणाऱ्याला ‘अलबेला’ कळायला वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडत गेल्या आणि कापडाचे काम इथल्या मागांवर आणखी वाढले. ज्या कामगाराच्या घरातून भगवानदादा आणि दादा कोंडके आले त्या घराची पुढची पिढी इथे आहे. फक्त तिच्यात आता तेलंगणातले पद्मशाली, उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले कारागीर, जुने कोकणी मुसलमान, आगरी, घाटावरून उतरलेले मराठे असे सगळे आहेत. कांडीवाला, बीम भरणारा, जॉबर, दोन पाळ्यांत माग चालवणारा. बारा तास खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला संगीत कशासाठी लागते, हे इथे कोणी शिकवावे लागत नाही.

धामणकर नाक्यावरच्या मंडळाचा गणपती मोठमोठ्या देखाव्यांसाठी शहरात ओळखला जातो. देखावा उभा राहतो म्हणजे काय होते ते इथे महिनाभर आधीपासून उघड्यावर दिसते. बांबू येतात, सुतार येतात, प्लायवूडवर रंग चढतो, वायरमन खांबावर, वर्गणीच्या पावत्या, कोणाचे तरी कोणाशी वाकडे, आणि आदल्या रात्री सगळे अर्धवट असताना पहाटे कसेबसे पूर्ण. अमेरिकन संगीतपटांतली पहिल्या प्रयोगाची धांदल मला इथे दरवर्षी भेटते. आणि विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक निघते तेव्हा ढोल, बेंजो आणि डीजेपुढे नाचणाऱ्यांत दोन-चार माणसे हमखास अशी असतात की जी उड्या मारत नाहीत. वयाने पन्नाशीच्या पुढची, शर्टाची वरची बटणे उघडी. कोपर दुमडून, खांदा हलवत, एक पाऊल इकडे, एक तिकडे. भोवतालची पोरे गोल करून त्यांना जागा देतात. त्यातला एखादा तेलुगू बोलतो, एखादा भोजपुरी. नाच तोच.

आज हे पुस्तक निघण्यामागे निकडही आहे. या चित्रपटांच्या मूळ प्रती झपाट्याने संपत आहेत. 2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत ‘प्रभात’सह जुन्या कंपन्यांच्या कितीतरी चित्रपटांच्या प्रती गेल्या. ज्या उरल्या त्या पिवळट, कापलेल्या, गाण्यांपुरत्या. तरुण प्रेक्षकाला ‘अलबेला’ माहीत असतो तो तीन-चार गाण्यांच्या तुकड्यांतून. प्यारेलालचे घरचे भांडण त्याने पाहिलेलेच नसते, आणि भांडण न पाहता तो नाच बघणे म्हणजे अर्धे बघणे. एकपडदा थिएटरे एकेक करत बंद होत आहेत. जिथे शेकडो माणसे एकत्र बसून पडद्यावरच्या प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवत, ती बैठकच मोडली. खेळाविषयीचा चित्रपट एकट्याने मोबाइलवर बघताना त्यातला प्रेक्षक एकटा पडतो.

भगवानदादांच्या पुढच्या आयुष्याविषयी बरेच हळहळून लिहिले गेले आहे. ‘झमेला’, ‘लाबेला’ चालले नाहीत, समुद्रकाठचा बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत दिवस निघाले, 2002 साली ते वारले. 2016 साली शेखर सरतांडेलांनी ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट करून मंगेश देसाईंच्या रूपाने त्यांना पुन्हा उभे केले, हे फार चांगले झाले. मात्र या पुस्तकाने त्यांच्या ऱ्हासाची गोष्ट मध्यभागी ठेवायची नाही असे ठरवले. श्रीमंतीतून चाळीत आलेला नट ही गोष्ट लोकांना चटकन पटते, कारण नाचणाऱ्याचे भले होत नाही हा घराचा जुना शाप ती खरा ठरवते. आम्हाला तो शाप पुन्हा उच्चारायचा नव्हता. त्यांनी काय केले, कसे केले, कोणाबरोबर केले, हे आम्हाला हवे होते.

म्हणून या संग्रहात चरित्रे कमी आणि कामाचे तपशील जास्त आहेत. गाणे कसे चित्रित झाले, रंगमंच पडद्यावर किती खोल दिसतो, प्रेक्षकांना दाखवले की नुसते ऐकवले, वादक चौकटीत आहेत की बाहेर, सोंगाड्याची बतावणी चित्रपटात आल्यावर तिच्यातला हजरजबाबीपणा किती उरतो. लेखक एकाच मताचे नाहीत. ‘पिंजरा’ला कोणी शिखर मानतो, कोणी तमाशावर अन्याय. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिला लेख अधिक चांगला लिहिलेला आहे हेही सांगतो. दक्षिणेतल्या आणि बंगालमधल्या अशा चित्रपटांना आम्ही हात लावलेला नाही, ते दुसऱ्या कोणी करावे. क्रम काळानुसार नाही. वाचकाने कुठूनही सुरुवात करावी, पण शक्य असेल तर ‘अलबेला’ आणि ‘सोंगाड्या’ आधी पूर्ण बघावेत, गाण्यांपुरते पुढे पळवत नव्हे, आणि जमल्यास चार माणसांना घेऊन. बघताना दाराकडे लक्ष ठेवावे. कोण बाहेर जातो, कोण उंबऱ्यावर थांबतो, परत आल्यावर पाणी कोण देते, आणि ज्या बाईने त्याला रंगमंचावर आणले ती त्या वेळी कुठे उभी असते.

धामणकर नाका, भिवंडी